जेवलात का, असं विचारू नये

नोकरीच्या इतक्या वर्षांत सोलापुरात मला कुणी नावानं हाक मारली नाही. मी सगळ्यांची 'जेवणाच्या बाई' होते. नवी पेठेत लुगडं घ्यायला गेले तरी दुकानातला नोकर आत वर्दी द्यायचा, "जेवणाच्या बाई आल्यात," आणि मालक हातातली भज्यांची पुडी हळूच गादीखाली सारायचे. मग मला लुगडी दाखवताना सारखे तोंड पुसत राहायचे. मी फौजदार असते तरी इतका धाक वाटला नसता.

सत्तरच्या दशकात आमच्या गावात आहारतज्ज्ञ म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं. दवाखान्यातल्या निम्म्या लोकांना मी मोठ्या पगाराची स्वयंपाकीण वाटायचे, उरलेल्यांना स्वयंपाकिणीवर नजर ठेवणारी. खरं काम सोपं सांगायचं तर असं : रोग्याला कोणतं औषध किती द्यायचं हे डॉक्टर ठरवणार, अन्न कोणतं आणि किती द्यायचं हे मी. डॉक्टर म्हणणार, याची साखर आवरा, हिचं मीठ कमी करा. ते मी ताटात उतरवायचं. हत्यारं दोनच, एक वजनकाटा आणि एक तक्ता.

तक्ता मी बाहेरगावी शिकायला गेले होते तिथून आणला होता. मधुमेहाच्या तक्त्यात सकाळी ब्रेडच्या दोन स्लाइस, दुपारी एक फुलका, उकडलेला दुधीभोपळा, साय काढलेलं दूध. त्याच्या शंभर प्रती काढून मी वॉर्डात लावल्या, रोग्यांच्या हातात दिल्या. आणि संध्याकाळी घरी जाऊन आईच्या हातची ज्वारीची कडक भाकरी शेंगदाण्याच्या चटणीशी खायची. घरी एक खायचं आणि दवाखान्यात दुसरंच लिहायचं, यात काही चुकतंय असं दोन वर्षं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. चार बुकं शिकलं की आपल्या ताटातलं आपल्याला गावंढळ वाटायला लागतं.

वर सांगितलेले कापडवाले शेठ हे माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक. वजन वाढलेलं, साखर नुकती लागलेली. "बाई, चांगलं कडक पथ्य द्या," म्हणाले. मी दिलं. आठ दिवस त्यांनी ते पाळलं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचं कौतुक ऐकवलं. नवव्या दिवशी घरात गूळ-शेंगदाण्याच्या शेंगापोळ्या झाल्या. पहिली खाल्ल्यावर पथ्य मोडलंच आहे तर आता हात कशाला आखडायचा, असा हिशेब करून शेठ ताटावरून उठले ते पोळ्यांचा डबा रिकामा झाल्यावर. मला त्यांनी हे अगदी खरं सांगितलं. त्यातून मी काय शिकावं? मी त्यांना आणखी कडक तक्ता लिहून दिला.

माझे डोळे उघडले ते कोंडाबाईमुळे.

कोंडाबाई मूळची माढ्याकडची. नवरा गेल्यावर सोलापुरात आली आणि नवी पेठेच्या मागच्या बोळात कडक भाकऱ्या करून विकू लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही भाकरी पातळ थापतात, तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजतात आणि मग चुलीच्या मंद धगीला उभी करून ठेवतात. पाणी पार आटलं की ती पापडासारखी होते आणि आठ-पंधरा दिवस हलत नाही. प्रवासाला, शेतावर, परगावी शिकणाऱ्या लेकराला, सगळीकडे तीच जाते. कोंडाबाई दिवसभर एक पाय दुमडून परातीपुढं बसायची आणि भाकऱ्या थापायची. त्या दुमडलेल्या पायालाच जखम झाली. मधुमेह होता, तो तिला माहीतच नव्हता. जखम चिघळून दोन बोटं काळी पडली तेव्हा शेजारणीनं तिला आमच्याकडं आणलं.

आमचे सर्जन मितभाषी होते. त्यांनी पाय पाहिला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, साखर आटोक्यात आली तर बोटांवर निभावेल, नाही आली तर गुडघ्याखालून काढावा लागेल. कोंडाबाई सगळं ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "पाय गेला तर परातीफुडं बसू कशी?"

मी तिला माझा तक्ता लावला. वॉर्डाच्या दारावर माझ्याच सहीची पाटी होती, बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई. जेवणाआधी अर्धा तास सिस्टर इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायची, मग ताट यायचं. दोन्ही वेळा मी फेरी मारून विचारायचे, "कोंडाबाई, जेवलात का?" ती हसून म्हणायची, "जेवले की." ताटही लख्ख असायचं.

साखर तपासायची तेव्हाची रीत म्हणजे काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे चार थेंब टाकायचे आणि तापवायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर साखर थोडी, पिवळं-नारिंगी झालं तर बरीच आणि विटकरी झालं तर डॉक्टरांना बोलवायचं. कोंडाबाई आली तेव्हा नळी विटकरी होती. पाचव्या दिवशी ती हिरवी झाली. सर्जन कधी कुणाला चांगलं म्हणत नसत, पण त्या दिवशी म्हणाले, "बाई, तुमचा तक्ता लागू पडला." मी दिवसभर हवेत होते. घरी आईलाही सांगितलं. आई म्हणाली, दुधीभोपळा खाऊन माणूस बरा होत असेल तर आजार फार मोठा नसावा.

आमचे मुख्य स्वयंपाकी रेवणअण्णा अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. त्यांना मात्र संशय आला होता. ते मला म्हणाले, "बाई, माझा उकडलेला भोपळा मी खात नाही. माझी बायको खात नाही. ह्या बाईचं ताट एवढं साफ कसं येतंय?" मला राग आला. स्वतःच्या हाताला नावं ठेवताय, असं काहीसं बोलून मी त्यांना गप्प केलं.

सातव्या दिवशी दुपारी सिस्टर धावत आली. कोंडाबाई घामानं निथळत होती, हात थरथरत होते, हाक मारली तर डोळे नुसते फिरत होते. इन्सुलिन दिलेलं आणि पोटात काही नसलं की साखर एकदम खाली जाते, आणि ते वाढलेल्या साखरेपेक्षा जास्त घातक असतं. पण ती तर जेवली होती. सर्जननी शिरेतून ग्लुकोज दिलं. ती डोळे उघडेपर्यंतची ती काही मिनिटं मी कॉटची दांडी धरून उभी होते, आणि कॉटखालच्या रिकाम्या फडक्याकडं माझं लक्ष गेलं. त्यात भाकरीचा चुरा होता.

उलगडा शेजारच्या कॉटवरून झाला. तिथं केम गावच्या एका पोरीवर उपचार चालू होते आणि तिच्या सोबतीला तिची आजी होती. सोबतीच्या माणसाला दवाखान्यातून जेवण मिळत नसे. कोंडाबाई आपलं ताट दोन्ही वेळा त्या म्हातारीला द्यायची. स्वतः, येताना फडक्यात बांधून आणलेली एकेक कडक भाकरी, चिमूटभर चटणी आणि वर पाणी. नळी हिरवी झाली होती ती त्या गाठोड्यातल्या भाकरीनं. आदल्या दिवशी दुपारी भाकऱ्या संपल्या, रात्रीचं ताट म्हातारीला देऊन ती तशीच निजली, आणि दुसऱ्या दिवशी इंजेक्शन तेवढं वेळेवर झालं.

ती बोलू लागल्यावर मी विचारलं, "मग मला 'जेवले की' का म्हणत होता?"

तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "जेवलात का म्हनून कुनी इचारलं तर न्हाई म्हनायचं व्हय, बाई? न्हाई म्हनलं की इचारनाऱ्याला वाढाय लागतं. उगं तुमास्नी कशापायी अडचनीत घालू? आन पानात आल्याल्या अन्नाला नावं ठिवू ने. त्या म्हातारीनं ग्वाड मानून खाल्लं."

मी खाली मान घालून ऐकलं. आमच्या घरीही हेच तर होतं. दारात आलेल्यानं 'जेवलात का' विचारलं की उपाशी माणूससुद्धा 'झालं की' म्हणतो. तो प्रश्न नमस्कारासारखा असतो, त्याचं उत्तर ठरलेलं असतं. सोलापुरात जन्मून, वाढून मी तो प्रश्न दोन वर्षं वॉर्डात विचारत फिरले आणि आलेली उत्तरं खरी धरून कागदावर लिहिली. पुण्यामुंबईची कुणी असती तर तिला माफ होतं. मला नव्हतं.

मी सर्जनच्या खोलीत गेले. शाबासकी घेतलेली परत करणं फार अवघड असतं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तो हिरवा रंग तुमच्या तक्त्याचा नव्हता."

"नाही. तिच्या भाकरीचा होता."

त्यांनी ठरवलं होतं की आता वाट बघायची नाही. खाण्याचा भरवसा नाही तर इन्सुलिनचा भरवसा नाही, आणि जखम थांबणार नाही. पाय वाचवता वाचवता बाई जाईल, म्हणाले. मी आठ दिवस मागितले. जे खाल्लं ते डोळ्यांदेखत खाल्लेलं असेल, आणि ते तिचंच जेवण असेल, एवढं वचन दिलं. त्यांनी कोंडाबाईचा कागद पुढं ओढून त्यावर तारीख घातली. मग म्हणाले, "आठ. नळी एकदा जरी विटकरी झाली तरी मी थांबणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाईला व्हरांड्यात स्टुलावर बसवलं, पाय उशीवर ठेवला, समोर टेबलावर परात. मला एका भाकरीचं पीठ मोजायचं होतं, कारण आमच्याकडं भाकरी म्हटलं तर घरागणिक आकार वेगळा. रेवणअण्णा काटा घेऊन आले. तोंड फुगलेलं होतं, कारण त्यांचं स्वयंपाकघर असताना बाहेरच्या बाईनं 'रोट्टी' करायची ही गोष्ट त्यांना झोंबली होती. कोंडाबाईनं पीठ मळलं, मुठीत मावेल एवढा एक गोळा तोडला. मी तो काट्यात टाकला आणि वजन लिहिलं. दुसरा गोळा टाकला, काटा त्याच जागी. तिसरा, चौथा, तेच. रेवणअण्णांनी काटा उचलून झटकला, टेबलाचा पाय तपासला, स्वतः एक गोळा तोडून ठेवला. त्यांचा बराच भारी निघाला. त्यांनी काटा खाली ठेवला आणि कानडीत काहीतरी पुटपुटले. मी अर्थ विचारला तर म्हणाले, "हिचा हात देवानं मोजून केलाय, म्हटलं."

त्या दिवसापासून माझ्या तक्त्यात ब्रेड राहिला नाही. दोन वेळा कोंडाबाईच्या मुठीच्या दोन-दोन पातळ भाकऱ्या, तांदुळजा नाहीतर मेथी नाहीतर अंबाडी, पातळ आमटी, ताक आणि चमचाभर चटणी. चटणीवरून आमचा वाद झाला. आमच्या लोकांना चटणीवर खळगा करून कच्चं तेल ओतल्याशिवाय घास जात नाही. मी म्हटलं, तेल बंद. कोंडाबाई म्हणाली, उखळात नीट कांडली तर शेंगदाणा आपलं तेल आपणच सोडतो, वरून घालतात ते आळशी लोक. ज्या बाईला मी पथ्य शिकवणार होते तिनं माझं काम असं दोन वाक्यांत करून टाकलं. चटणी अण्णांनी कांडली.

आता मी 'जेवलात का' विचारत नव्हते. काय जेवलात, कशाशी जेवलात, असं विचारायचे आणि आधी ताट बघायचे, मग तोंड. या प्रश्नाला ठरलेलं उत्तर नसतं, त्यामुळं माणूस खरं बोलतो. केमच्या आजीसाठी अण्णांनी रोज एक ताट जास्त काढलं. ते नियमात बसत नव्हतं. मी ते बघितलं नाही.

चार दिवस नळी हिरवी होती. पाचव्या दिवशी पिवळी झाली. कॉटवर बसून मी विचारलं, काल काय खाल्लं, कशाशी? तिनं लगेच सांगितलं. केमची पोर बरी होऊन घरी निघाली होती, आजीनं जाताना बुंदीचा प्रसाद दिला, द्रोणभर. परसादाला न्हाई कसं म्हनायचं? पूर्वीची मी असते तर पाटीवर आणखी एक ओळ वाढवली असती. मी म्हटलं, प्रसाद चिमूटभर घेतला तरी देवाला पोचतो. पण पुन्हा कधी असा द्रोणभर झालाच तर मला लगेच सांगायचं, मी संध्याकाळची एक भाकरी कमी करीन, लपवायचं नाही. "आसं चालतं व्हय?" ती म्हणाली. चालतं, मी म्हटलं. ते वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या रोग्याला म्हणत होते.

आठव्या दिवशी नळीत निळ्यावर जेमतेम हिरवी छटा होती. सर्जननी ती खिडकीच्या उजेडात धरून बघितली आणि माझ्या हातात दिली. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन बोटं काढली. पाय राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन अण्णांना सांगितलं तेव्हा ते पाठ फिरवून बराच वेळ विनाकारण परात घासत होते. मी मात्र सगळ्यांसमोर रडले.

पुढं पुष्कळ काही झालं, पण अभिमानानं सांगावं असं माझ्याकडं हेच आहे. आमच्या वॉर्डाचा नवा तक्ता 'मुठी'नं लिहिला जाऊ लागला. रोग्याला घरी सोडताना त्याच्या बायकोला किंवा आईला काट्यापुढं उभं करायचं आणि तिचा हात ठरलेल्या वजनावर येईपर्यंत गोळे तोडायला लावायचे. बायका आधी लाजायच्या, मग आपसात पैजा लावायच्या. हुरड्याच्या दिवसांत पूर्वी आमचे मधुमेही महिनाभर गायब व्हायचे. आता ते विचारून जायचे, आणि मी सांगायचे, खा की हुरडा, पण त्या वेळची भाकरी सोडा आणि गुळाच्या खड्याला हात लावू नका. शेठना मी आठवड्याला एक शेंगापोळी लिहून दिली, त्या दिवशी भाकरी नाही. ते नाराज झाले. "ह्याला काय पथ्य म्हणतात, बाई? लोकांना सांगू काय मी?" म्हणाले. पण ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं, बहुतेक सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणूनच.

एक खंत आहे ती लपवत नाही. पहिल्या दोन वर्षांत ते शंभर तक्ते ज्यांच्या हाती देऊन मी घरी पाठवलं, ती माणसं मला 'जेवले की' म्हणूनच गेली. त्यांनी ते खाल्लं का, न खाता सुई टोचून घेतली का, त्यांचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. त्यांचे चेहरे आठवत नाहीत याचं जास्त वाईट वाटतं.

दोनेक वर्षांनी दवाखान्याची मोठी तपासणी आली. पहाटेपासून मी कोठीघर, ताटं, नोंदी यांत पळत होते. पाहुणे खूश होऊन गेले, 'मुठी'चा तक्ता त्यांनी उतरवून घेतला. कोंडाबाईला हे सांगावं म्हणून दुपारी उशिरा मी तिच्या बोळात गेले. ती परातीपुढं बसली होती, एक पाय दुमडून. दोन बोटं नसलेला पाय तिनं स्वच्छ धुऊन, कोरड्या फडक्यात गुंडाळला होता, आम्ही शिकवलं होतं तसा. मी तपासणीची गोष्ट रंगवून सांगायला लागले. थापता थापता तिनं मधेच विचारलं,

"जेवलासा का, बाई?"

"जेवले की," मी म्हणाले आणि पुढं बोलत राहिले.

तिचे हात थांबले. "काय जेवला? कशासंगं?"

"चहा," मी म्हणाले. सकाळपासून पोटात तेवढाच होता, दोन कप. कोंडाबाईनं परात बाजूला सारली. धगीला उभी केलेली एक भाकरी काढली, ताटात मोडली, शेजारी चटणी, कांदा आणि वाटीभर ताक ठेवलं. चटणीवर तेल नव्हतं. मी जेवले. शेवटचा चुरासुद्धा बोटानं टिपून खाल्ला आणि ताट पुढं सरकवलं.

तिनं आधी ताट बघितलं, मग माझं तोंड.